आठ सीटांची गाडी

नवरा गेल्याला चौदा महिने झाले होते, आणि गाडीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. लोकांना याचंच फार कौतुक. सिग्नलला उभं असताना त्याच्या छातीत कळ आली, त्याने हँडब्रेक ओढला, चारी इंडिकेटर लावले, आणि मग तो गेला. मागच्या ट्रकवाल्याने तीनदा हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या, शेवटी उतरून पाहिलं. "जाता जाताही दुसऱ्याचा विचार केला हो त्यांनी," असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. ती मान हलवायची. पन्नासएक वेळा ऐकल्यावर ते वाक्य दवाखान्याच्या भिंतीवरच्या सूचनेसारखं झालं. दिसायचं, पण वाचलं जायचं नाही.

ती कवळ्या बनवायची. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे लांबट खोली होती, तिथे प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या आणि पांढऱ्यापासून पिवळट तपकिरीपर्यंत सगळ्या छटांचे दात ओळीने मांडलेले ट्रे. पंचवीस वर्षं ती तिथेच बसत होती. नवरा गेल्यावर आठवड्याने कामावर आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अहो, रजा वाढवून घ्या." ती म्हणाली, "घरी बसून काय करू?" आणि मेण तापवायला घेतलं. हात आपोआप चालत होते.

ती रडली नव्हती. सुरुवातीला लोक म्हणाले, किती धीराची. मग म्हणाले, एकदा रडून मोकळी हो बाई. मग ते आपापल्या कामाला लागले. तिला स्वतःला हे भूल दिलेल्या गालासारखं वाटायचं. गाल आपलाच आहे हे माहीत असतं, पण चावला गेला तरी कळत नाही.

गाडी गॅरेजमध्ये उभी होती. मोठी, राखाडी, आठ सीटांची. नवऱ्याने ती घेतली तेव्हा घरात माणसंच तेवढी होती. यांची दोन मुलं, नणंद परगावी नोकरीला गेल्यामुळे शिकायला राहिलेली तिची दोन, हे नवरा-बायको आणि सासूबाई. आठव्या सीटवर कुणाच्या तरी मित्राचं बूड ठरलेलं. नवरा गाडीला वऱ्हाड म्हणायचा. "चला, वऱ्हाड निघालं," असं ओरडून तो गेटपाशी हॉर्न द्यायचा, आणि कुणीतरी हमखास एकच बूट घालून धावत यायचं. आता चारही मुलं चार गावांना होती. घरात ती आणि सासूबाई. सासूबाईंचं वय एक्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे.

गाडी देऊन टाकायचं कसं सुचलं, तर एका कवळीवरून. एक निवृत्त घड्याळजी होते, त्यांची खालची कवळी तयार होऊन पडली होती, आणि बसवून बघायची वेळ त्यांनी तीनदा चुकवली होती. चौथ्यांदा आले तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते म्हणून तिलाच पुढे बोलावलं.

"तीनदा वाट पाहिली तुमची," ती म्हणाली.

"काय करणार, गाडीच आली नाही. डायलिसिसला जातो ना मी, आठवड्यातून तीन दिवस. ने-आण करणारी एक संस्था आहे. त्यांची एकच गाडी धड, तीही सारखी बसकण मारते. मग सगळे दिवस मागेपुढे होतात. रक्त धुवायचं चुकवता येत नाही, दातांचं चुकवता येतं."

"चावा," ती म्हणाली. त्यांनी चावलं. "किती जण असता?"

"सहा. त्यात एक बाई आडव्या अंगाच्या. कोंबून बसतो. येताना कुणात जीव नसतो, त्यामुळे भांडणं होत नाहीत."

"उघडा. पुन्हा चावा. उजवीकडे टोचतंय का?"

"थोडं."

तिने कवळी घासून गुळगुळीत केली. ते गेल्यावर तिने हात धुतले, दवाखान्याच्या स्वागतकक्षात जाऊन तिथल्या मुलीला संस्थेचा नंबर शोधायला लावला आणि फोन केला. विचार असा काही केलाच नाही. रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की आपण जाऊन बंद करतो, तसं ते झालं.

गाडी नवऱ्याच्या नावावर होती. ती आधी तिच्या नावावर, मग संस्थेच्या नावावर करायची होती. वाहन नोंदणीच्या कार्यालयात खिडकीमागच्या कारकुनाने कागद चाळले आणि म्हणाला, "इथे मूळ मालकांची सही लागेल."

"ते वारले. सगळ्यात वरचा कागद तोच आहे."

त्याने वरचा कागद पाहिला. "बरं. म्हणजे ते येऊ शकणार नाहीत."

"नाही."

"मग या चौकोनात 'अनुपस्थित' लिहा."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. मागच्या रांगेतला एक जण हे ऐकून हसला आणि मग खोकल्याचं नाटक करू लागला. नवरा असता तर ही गोष्ट त्याने वर्षभर पाहुण्यांना सांगितली असती, असं तिच्या मनात आलं. त्यापुढे मात्र काहीच आलं नाही.

लेकीला तिने फोनवर सांगितलं.

"मला न विचारता?" लेक म्हणाली.

"तुला हवी आहे का?"

"हवीय असं नाही गं."

"मग?"

"आई, तू असं बोलतेस जसं काही फ्रीज देऊन टाकतेयस."

"जुना फ्रीज मागच्या वर्षी दिला. तेव्हा तू काही म्हणाली नव्हतीस."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. ती फोन कानाला धरून थांबली. थोड्या वेळाने लेक नाक पुसत म्हणाली, "मागच्या रांगेत डावीकडे, खिडकीच्या खाली, मी पेनाने माझं नाव कोरलंय. बाबांना माहीत नव्हतं."

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "तिथे त्यांनी मुद्दाम स्टेपनीच्या पान्यांची पिशवी ठेवली होती. मला दिसू नये म्हणून."

हे ऐकून लेक आणखीच रडली. आपण चुकीचं काही बोललो की बरोबर, हे तिला कळेना.

सासूबाईंना तिने सकाळी चहा देताना सांगितलं. "आई, गाडी एका संस्थेला देतेय. पेशंट ने-आण करायला."

सासूबाईंनी कप बशीत ठेवला. "कधी?"

"गुरुवारी. दहाला त्यांचा माणूस येईल."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. त्या इतक्या सहज हो म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. पण वाटण्या न वाटण्याचा हिशोब तिने केव्हाच सोडला होता. ती डबा भरून कामाला गेली.

गुरुवारी तिने सुट्टी घेतली. संस्थेचा माणूस दहाला पाच मिनिटं असताना आला. तोच ड्रायव्हर, तोच मेकॅनिक. पिकल्या मिशा, खांद्याला झोळीएवढी हत्यारांची पिशवी, आणि हातात चार्ज केलेली एक बॅटरी, ती त्याने तान्ह्या पोरासारखी पोटाशी धरली होती.

"चौदा महिने उभी म्हणालात ना फोनवर? म्हणजे बॅटरी खलास. टायर बसलेले असणार. उंदरांनी वायरी खाल्ल्या नसल्या म्हणजे मिळवलं," तो म्हणाला.

तिने शटर वर केलं. सासूबाई काठी टेकत मागून आल्या आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. मेकॅनिकने गाडीभोवती एक फेरी मारली, टायरना लाथ घातली, बॉनेट उघडलं आणि वाकून आत बघितलं. मग हाताने काहीतरी पुसलं आणि बोट नाकाशी नेलं. आत बसून, बॅटरी बदलायच्या आधी, उगाच बघावं म्हणून त्याने चावी फिरवली.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

मेकॅनिकने तिच्याकडे पाहिलं. "बाई, चौदा महिने काय म्हणता? ही परवा सुरू केलेली गाडी आहे."

"नाही हो. चावी फ्रीजशेजारच्या खिळ्याला असते. कुणी हात लावत नाही."

"मग गाडीला तुमची आठवण येऊन ती आपली आपणच सुरू होत असेल." त्याने डॅशबोर्डकडे बोट दाखवलं. "आणि डिझेल? काटा बघा, तळाला टेकत आलाय. उभ्या गाडीने डिझेल प्यायलं?"

तिला आठवलं. महिनाअखेर होता म्हणून नवऱ्याने त्याच दिवशी सकाळी टाकी पूर्ण भरली होती. पावती त्याच्या खिशात निघाली होती.

"मी करते सुरू," स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या.

इंजिन चालू होतं, त्यामुळे तिला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मेकॅनिकने गाडी बंद केली. गॅरेज एकदम शांत झालं.

"काय म्हणालात, आई?"

"एक दिवसाआड. तू कामाला गेलीस की अकराच्या सुमाराला. दहा मिनिटं. उभी गाडी मरते, असं तो म्हणायचा."

सासूबाईंनी जन्मात कधी सायकलही चालवली नव्हती. पण त्या गाडीत बारा वर्षं त्या पुढे, मुलाच्या शेजारी बसत आल्या होत्या, कारण मागे चढायला गुडघे तयार नव्हते. चावी कुठे घालायची, किती फिरवायची, आवाज कसा आला की सोडायची, सगळं त्यांना बघून बघून पाठ होतं.

"आजी, गाडी गिअरमध्ये असती म्हणजे?" मेकॅनिकच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. "भिंत फोडून पलीकडच्या घरात गेला असतात!"

"दांडा हलवून बघायचा आधी. इकडून तिकडे सैल हलला की न्यूट्रल. तो नेहमी बघायचा."

"आणि धूर? या बंद खोलीत?"

"शटर वर करूनच. मी काय खुळी आहे?"

"तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर चढलात कशा या गुडघ्यांनी?"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "तिथे मी बसत नाही. माझ्या जागेवरून हात लांब करते. पोचतो."

मेकॅनिकने बॉनेट हळूच लावलं आणि पाणी प्यायला जातो म्हणून बाहेरच्या नळाकडे गेला.

ती तिथेच उभी राहिली. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच आत काहीतरी हललं, आणि तो राग होता हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला. आपण रोज सकाळी डबा घेऊन निघायचो, संध्याकाळी येऊन विचारायचो, "आई, औषध घेतलं?" त्या म्हणायच्या, "घेतलं." आणि मधल्या वेळात या घरात हे चालायचं.

"मला सांगितलं नाहीत," ती म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"मी काय विचारायचं? गाडी सुरू केलीत का, असं?"

सासूबाईंनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. "डिझेल संपत आलं होतं. फार तर महिनाभर पुरलं असतं. मग तुला सांगावंच लागलं असतं. मी वाट बघत होते, तू आधी इथे येतेस की काटा आधी टेकतो."

"तुम्हाला द्यायची नसेल तर आत्ता सांगा. मी त्यांना परत पाठवते."

सासूबाईंनी बाहेर बघून हाक मारली, "अहो मिस्त्री, इकडे या जरा."

तो मिशा पुसत आला.

"यात कोण बसणार?"

"किडनीचे पेशंट, आजी. सहा जण. सकाळी नेतो, दुपारी आणतो."

"पुढे कोण?"

"एक आजोबा आहेत, त्यांना उलटी होते मागे बसलं की."

"येताना कशी असतात माणसं?"

"येताना?" त्याने जरा विचार केला. "पिळून काढल्यासारखी. निम्मी झोपतात. बोलत कुणीच नाही."

"मग हळू चालवत जा. वळणावर ही गाडी उजवीकडे ओढते. त्याला सवय होती, तुला होईपर्यंत जप." आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "दे. पण पोचवायला मी येणार."

असं ठरलं. मेकॅनिकने लागलं तर म्हणून सोबत आणलेल्या कॅनमधलं डिझेल टाकीत ओतलं. सासूबाई पुढे बसल्या. त्यांना चढवायला ड्रायव्हरने मागून आधार दिला तेव्हा त्या त्याच्यावर खेकसल्या. ती मधल्या रांगेत बसली. आधी तिने मागच्या सीटवरची पिशवी उचलून बघितली. वेड्यावाकड्या अक्षरात लेकीचं नाव होतं, आणि त्याखाली दुसऱ्या कुणीतरी गाढवाचं चित्र काढलं होतं. तिने फोनने फोटो काढून लेकीला पाठवला. काही लिहिलं नाही.

संस्थेकडे जायचा रस्ता नवरा गेला त्याच सिग्नलच्या चौकातून होता. कामाला जाताना ती चौदा महिने दोन गल्ल्यांचा वळसा घालून जात होती. ड्रायव्हरला यातलं काही माहीत नव्हतं. तो आपल्या जुन्या गाडीच्या क्लचबद्दल तक्रार करत होता. चौक दिसायला लागला तेव्हा तिने पुढच्या सीटची कड धरली. सासूबाईंची मान ताठ झालेली तिला मागून दिसत होती.

सिग्नल हिरवा होता. गाडी चौकातून निघून गेली. फार तर चार सेकंद लागले असतील.

"झालं," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं आजी?" ड्रायव्हरने विचारलं.

"काही नाही. तू क्लचचं सांगत होतास."

संस्था म्हणजे एका पत्र्याच्या शेडला लागून दोन खोल्या. तिथल्या व्यवस्थापक बाईंनी सह्या घेतल्या, चहा विचारला, आणि मग कपाटामागून पुठ्ठ्याची हातभर लांब सोनेरी चावी काढली. देणगीदारांचा फोटो काढायचा असतो म्हणे. ती आणि सासूबाई गाडीसमोर उभ्या राहिल्या, मधे ती चावी धरून.

"हसा ना जरा," बाई म्हणाल्या.

सासूबाई हसल्या. तिनेच बनवलेली कवळी होती ती, वरची आणि खालची; ऊन पडल्यावर वरचा एक दात जरा जास्त पांढरा दिसतोय हे तिच्या लक्षात आलं. स्वतः ती हसली की नाही, हे तिला आठवत नाही. फोटो तिने कधी मागितला नाही.

ड्रायव्हर घाईत होता. जुनी गाडी त्या दिवशीही बसकण मारून होती आणि दुपारी सहा जणांना आणायचं होतं. आधी तुम्हाला घरी सोडतो म्हणाला, पण सासूबाई म्हणाल्या, आम्ही बसने जाऊ, तू माणसं बघ. गाडी गेटबाहेर पडली, वळणावर किंचित उजवीकडे ओढली गेली, सरळ झाली आणि रहदारीत मिसळली. तिने स्वतःला चाचपून पाहिलं, दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहतात तसं. दुखत नव्हतं. पण तिथे काहीतरी आहे एवढं कळत होतं.

बसमध्ये एकाने सासूबाईंना जागा दिली. ती शेजारी दांडी धरून उभी राहिली.

"दहा मिनिटं तुम्ही काय करायचात गाडीत?" तिने विचारलं.

"बसायचे."

"नुसत्या?"

"बोलायचे थोडं. त्याच्याशी."

"काय बोलायचात?"

सासूबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "घरातलंच. पाणी आलं नाही. डाव्या डोळ्याने कमी दिसतं. आणि तुझ्या तक्रारी."

"माझ्या?"

"मग कुणाच्या? घरात आहे कोण दुसरं?"

तिच्या तोंडून एक आवाज निघाला. समोरचा माणूस वळून बघायला लागला, तेव्हा तिला कळलं की आपण हसलो. छोटंसं, फुटकं, पण हसू होतं ते.

"काय तक्रारी?"

"भाजीला मीठ कमी घालतेस. माझं ब्लडप्रेशर आहे, तुझं नाही. तुझ्या ताटात तरी घाल. दिवे बंद करत हिंडतेस, मी खोलीत असले तरी. आणि रडत नाहीस." सासूबाई थांबल्या. "ते मी त्याला दर वेळी सांगायचे."

बस थांब्यावर थांबली. दोघं-तिघं उतरले, एक बाई चढली. ती दांडी घट्ट धरून उभी होती.

"येत नाही हो आई," ती म्हणाली. "मी काही मुद्दाम करत नाही. येतच नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला येतं?"

"तिथे यायचं. गाडीत. घरात नाही." सासूबाईंनी तिचा हात नुसता धरला, थोपटला वगैरे नाही. त्यांचा हात कोरडा आणि हलका होता. घराचा थांबा येईपर्यंत त्यांनी तिचा हात सोडला नाही.

दुपारी तिने गॅरेज झाडलं. जमिनीवर तेलाचा डाग होता, साबणाने घासला तरी गेला नाही, तसाच सोडला. दुसऱ्या दिवशी ती कामाला गेली. घड्याळजींची वरची कवळी करायची होती, तिचं माप घेतलं. लेकीचा संध्याकाळी फोन आला. गाढवाचं चित्र धाकट्या आतेभावाने काढलं होतं, त्याने अखेर कबूल केलं म्हणाली, आणि त्यावरून त्या बराच वेळ बोलल्या.

रविवारी अकराच्या सुमाराला सासूबाई स्वयंपाकघरातून उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि काठी धरून तिथेच थांबल्या. कुठे जायचं हे विसरल्यासारख्या. ती कपडे वाळत घालत होती. तिने हातातला टॉवेल बादलीत टाकला, आतून दोन खुर्च्या आणल्या, आणि दारात, ऊन येईल अशा मांडल्या.

"बसा आई. आता तक्रारी मलाच सांगा."

"तुझ्याच तुला? तोंडावर?"

"हो."

सासूबाई हळूहळू खुर्चीत बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी थोडा वेळ विचार केला.

"लिहून घेणार आहेस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग नीट ऐक. वेळ लागेल," त्या म्हणाल्या आणि परवाच्या दुधापासून सुरुवात केली.